भेंडीचा ठसा आणि सतरा शुभेच्छापत्रं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं, असं काहीतरी बोल. वीस मिनिटं." मी हो म्हटलं. मग आठवडाभर विचार केला आणि त्यांना कळवलं, की मी भेंडीवर बोलणार आहे. पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "भाजीच्या का?"

भाजीच्या नाही. आठवीत आपण जिचे ठसे काढले त्या भेंडीवर बोलणार आहे. आणि तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर जे कार्ड ठेवलंय त्यावर. काहींनी त्याने वारा घ्यायला सुरुवात केलेली दिसते. हरकत नाही, पण चुरगाळू नका. ते हाताने केलेलं आहे आणि शेवटी मला त्याचं काम आहे.

चित्रकलेचा वर्ग आठवतोय ना? वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेच्या खिडक्यांचा. दुपारनंतर तिथे भट्टी व्हायची. उन्हाळ्यात ड्रॉइंग पेपरवर आकाश रंगवायला घेतलं, की कुंचला उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी कडा वाळून खड्ड झालेली असायची. आकाशात पट्टेच पट्टे. सर म्हणायचे, "हे जळगावचं आकाश आहे पोरांनो, ते वाट बघत नाही. आधी कागद मागून ओला करा, मग रंग लावा." हा उपाय मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडला नाही, पण तो लागू पडतो.

त्याच वर्गात कार्यानुभवाच्या तासाला सरांनी भेंडी आणायला सांगितली होती. अर्धा वर्ग विसरला, काहींनी डब्यातली भाजी पुढे केली. सरांनी देठाकडचा जाड भाग आडवा कापला, तो वर्तमानपत्रावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "आता अर्धा तास हिला हात लावायचा नाही. हिचा बुळबुळीतपणा जाऊ द्या." मग बशीत जुन्या सुती फडक्याची चौपदरी घडी ठेवली, तिच्यावर लाल रंग ओतला. झालं आमचं स्टॅम्पपॅड. भेंडी त्यावर टेकवली, आधी रद्दीवर एकदा दाबली आणि मग कागदावर. पाच पाकळ्यांचं फूल उमटलं. मधे बियांच्या जागी बारीक पांढरे डोळे.

वर्ग एकदम गप्प झाला. आपल्या घरात रोज चिरली जाणारी भाजी, तिच्या पोटात एवढं नेटकं फूल आहे, हे आपल्याला तेरा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

सरांचं एक वाक्य माझ्या डोक्यात अजून आहे. ते म्हणायचे, "ठसा दाबायला अक्कल लागत नाही, उचलायला लागते." घाईने तिरका उचलला की कड फरफटते. सरळ वर उचलायचा. सर, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगते, हे वाक्य मी माझ्या ऑफिसात नव्या मुलामुलींना दर वर्षी ऐकवते. त्यांना वाटतं मी सॉफ्टवेअरबद्दल बोलतेय.

आता माझ्या बाकावरच्या मैत्रिणीकडे येते. ती आज इथे आहे. "नाव घेतलंस तर मी उठून जाईन" असं तिने बजावलंय, म्हणून नाव घेत नाही. पण तुम्हाला कळेलच, कारण केळीच्या दांड्याचा ठसा तिने काढला होता.

ती रावेरकडच्या खेड्यातून शिकायला जळगावात मामाकडे राहिली होती. सोमवारी गावाहून येताना तिच्या पिशवीत काही ना काही असायचं. त्या सोमवारी तिने केळीच्या पानाचा जाड दांडा आणला. पान टाकून दिलेलं, नुसता दांडा. आडवा कापला तर आकार चंद्रकोरीचा, आणि आत कप्प्याकप्प्यांची जाळी, एखाद्या जुन्या वाड्याच्या खिडकीसारखी. ठसा उमटला तो असा, की सरांनी भेंडी बाजूला ठेवली. कोर उताणी ठेवली की पणती. वर पिवळ्या रंगाचं बोट टेकवलं की ज्योत. तीच कोर संक्रांतीला तिळाची वाटी, वर काडेपेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने पांढऱ्या पोस्टर कलरचे ठिपके, म्हणजे हलवा. एका दांड्यात दिवाळी आणि संक्रांत दोन्ही. केळीचा चीक मात्र आमच्या दोघींच्या युनिफॉर्मवर पडला आणि तो डाग काही निघाला नाही. माझ्या आईने वर्षभर ऐकवलं.

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळ्यांनी तो मेसेज एकमेकांना पाठवला. आमच्या बाकाने ते १९९२ सालीच देऊन टाकलं होतं.

त्या तासाला सरांनी आपल्याला फैजपूरची गोष्ट सांगितली होती. कुणाला आठवतेय का बघा. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच शहर सोडून खेड्यात भरलं, ते आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला. अध्यक्ष पंडित नेहरू. त्या नगराची सजावट गांधीजींनी सोपवली शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे. त्यांनी बाहेरून काही झगमगीत आणलं नाही, बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतूनच सगळं उभं केलं. हेच नंदलाल बोस पुढे आपल्या राज्यघटनेची पानं सजवणारे. आणि काठी टेकत निघालेल्या गांधीजींचं काळ्या-पांढऱ्यातलं ते प्रसिद्ध चित्रही त्यांचंच, १९३० सालचं. ते लिनोवर कोरून छापलेलं आहे. म्हणजे शेवटी ठसाच, आपल्या बटाट्याच्या ठशाचा थोरला भाऊ.

पण सरांनी जे शेवटी सांगितलं ते मला त्या वयात तितकंसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं. एवढा मोठा चित्रकार आपल्या विद्यार्थ्यांना, मित्रांना साध्या पोस्टकार्डांवर चित्रं काढून पाठवायचा. झाड, बकरी, वाटेवरचा माणूस, दिसेल ते. आयुष्यभर. सर म्हणाले होते, "भिंतीवरचं चित्र सगळ्यांसाठी असतं. पोस्टकार्डावरचं एकासाठी."

नववीत आपण दिवाळीची ग्रीटिंग करून विकली, अजिंठ्याच्या सहलीला पैसे जमवायला. माझं योगदान असं की मी बटाट्यात 'शुभ' ही अक्षरं सुलट कोरली. ती कागदावर उलटी उमटली. तीस कार्डं छापून झाल्यावर लक्षात आलं. मी रडायला लागले. सरांनी कार्ड हातात घेतलं, खिडकीच्या काचेसमोर धरलं आणि म्हणाले, "यातली शुभेच्छा आरशात बघून वाचायची." ती तीसही कार्डं खपली. एक आपल्या मुख्याध्यापकांनी घेतलं.

आणि मग अजिंठा. गुहेत बॅटरीच्या उजेडात सरांनी रंग दाखवले. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना. निळा तेवढा परमुलखातून आलेल्या दगडाचा, बाकी सगळं आसपासचं. परत आल्यावर आपण गेरू कुटून वस्त्रगाळ केला आणि त्यात भिजवलेला डिंक घालून रंग केला. जलरंग म्हणजे तरी काय, रंगाची भुकटी आणि डिंक. कॅमलच्या पेटीतल्या वड्यांचं रहस्य त्या दिवशी फुटलं.

एवढं सगळं सुरेख होतं, आणि दहावीनंतर मी ते सोडलं. कुणी सोडायला लावलं नाही. बारावी, मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी. वेळ नाही, हे कारण एकदा सापडलं की ते आयुष्यभर पुरतं.

माझ्या मैत्रिणीचं बारावीनंतर लग्न झालं, ती धुळ्याला गेली. १९९९ च्या संक्रांतीला तिचं पहिलं कार्ड आलं. आमच्या जळगावच्या घरी, कारण तिला तोच पत्ता ठाऊक होता. पाकीट न चिकटवता तोंड आत खोचलेलं, वर 'बुक पोस्ट' लिहिलेलं. कार्डावर केळीच्या दांड्याची वाटी, पांढरे तीळ. मी उत्तर पाठवलं. दुसऱ्या वर्षी पाठवलं. तिसऱ्या वर्षी दुकानातून आणलेलं, सोबत तिळगुळाची पुडी लावलेलं कार्ड पाठवलं. चौथ्या वर्षी नोकरी नवीन होती. पुढे पाठवलं नाही.

तिची येत राहिली.

मी स्वतःला काय सांगत होते, तेही सांगते. म्हणायचे, फोन करू सावकाश. पण तिचा नंबर मी कधी मागितला नाही. म्हणायचे, तिला वेळ असतो, मला नसतो. हे वाक्य आज या माइकवर बोलताना जीभ अडखळते. सासर, दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण, घरी शिवणकाम, हे सगळं करून ती वर्षातून एक संध्याकाळ माझ्यासाठी काढत होती. आणि मी म्हणत होते तिला वेळ असतो.

परवा वाचताना एक गंमत कळली. छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी वेळ नसण्यातून झालाय. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाचे एक कामात गढलेले गृहस्थ होते. नाताळात आलेल्या इतक्या पत्रांना उत्तरं कधी लिहायची, या काळजीने त्यांनी आपल्या चित्रकार मित्राकडून, जॉन हॉर्स्ली यांच्याकडून, एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारभर प्रती छापून रंगवून घेतल्या. वर नाव घातलं की झालं उत्तर. आपल्या व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डचे ते आजोबा. मी हसले, कारण मी त्याच घराण्यातली. दिवाळीला एकच चित्र दोनशे चौदा जणांना पाठवणारी.

वडील गेल्यावर २०२२ च्या मे महिन्यात आम्ही जळगावचं घर आवरायला घेतलं. आई माझ्याकडे पुण्याला येणार होती. कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आई म्हणाली, "तुझी पत्रं आहेत त्यात. टाकू नकोस."

सतरा कार्डं होती. १९९९ ते २०१५, एकही वर्ष न चुकवता.

मी ती फरशीवर ओळीने मांडली. पहिल्या कार्डात रंग जाड, ठसा थोडा फरफटलेला. हळूहळू हात सुधारत गेलेला. २००४ मध्ये कारल्याचा ठसा आला, करवती कडेचा सूर्य. मग दोडका. मग कांद्याची कडी एकात एक. २००९ पासून ठशांच्या मागे जलरंगाचं आकाश यायला लागलं, एका बाजूला गडद, दुसरीकडे विरत गेलेलं, आणि त्यात एकही पट्टा नाही. धुळ्याच्या हवेत हे तिने कसं जमवलं असेल ते मला माहीत होतं. कागद मागून ओला करून.

सतरावं कार्ड मी आधी पाहिलेलं होतं. २०१५ च्या मे महिन्यात माहेरी आले तेव्हा आईने ते हातात दिलं होतं. मी चित्र पाहिलं, "अजून करते ही!" असं म्हटलं आणि कार्ड परत दिलं. उघडलं नाही.

आता उघडलं. आत लिहिलं होतं, की मुलगी यंदा दहावीला आहे, तुझ्यासारखं कॉम्प्युटरचं शिकायचं म्हणते, आमच्यात कुणाला त्यातलं काही कळत नाही, कुठल्या बाजूने जावं हे तू तिला सांगशील का. खाली फोन नंबर. त्याच्या खाली, लहान अक्षरात, "घाई नाही. तुला जमेल तेव्हा."

त्या पत्राला उत्तर गेलं नाही, म्हणून अठरावं आलं नाही.

मी तिथेच बसून तो नंबर लावला. सात वर्षांनी. नंबर बंद होता.

मग तिच्याशी बोलायचा एकच रस्ता उरला. तिने जो पत्ता दर वर्षी पाकिटाच्या कोपऱ्यात लिहिला होता, त्यावर पत्र पाठवायचं. आणि त्या सतरा कार्डांना उत्तर म्हणून दुकानातलं कार्ड पाठवायची मला लाज वाटली. पुण्याला आले, रंग आणले, कागद आणला. सत्तावीस वर्षांनी हातात कुंचला धरला.

पहिलं कार्ड साध्या ड्रॉइंग पेपरवर केलं. पाणी लागल्याबरोबर कागद पापडासारखा फुगला. दुकानदाराने जाड कागद दिला, तीनशे जीएसएमचा. दुसऱ्या खेपेला आकाश छान जमलं, पण तो जुलै होता, पुण्याचा पाऊस, कागद वाळेचना. मला धीर नव्हता. ओल्यावरच ठसा मारला आणि भेंडीचं फूल पसरून जास्वंदीएवढं झालं. तिसऱ्यासाठी हातकागद आणला. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हाताने कागद करतात, तिथला. दिसायला इतका देखणा, की मी तो तपासलाच नाही. मी आणलेला कागद जलरंगासाठी नव्हताच. रंग टीपकागदावर शाई प्यावी तसा पिऊन टाकला. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघितलं असतं तर आधीच कळलं असतं.

माझ्या कामात एक सोय असते. चुकलं की दोन बटणं दाबायची, केलेलं न केल्यासारखं होतं. जलरंगात ती नाही. पांढरा हवा असेल तर तो आधीपासून राखून ठेवावा लागतो, कागदाचाच. एकदा रंग चढला की तिथला पांढरा गेला. चौथ्या कार्डाच्या वेळी मी हे मान्य केलं आणि घाई थांबवली. मंडईत पूजेच्या सामानाच्या दुकानातून केळीची पानं आणली, दांडा कापला, फडक्यावर रंग घेतला. एकच वाटी आणि वर ठिपके. ठिपके सतरा.

आत काय लिहायचं यात दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी पाच ओळी लिहिल्या. तुझं २०१५ चं पत्र मी आज वाचलं. आईने वेळेवर दिलं होतं, मी उघडलं नव्हतं. कारण काही नाही. मुलीचं काय झालं ते कळव. माझा नंबर खाली देते आहे.

अकरा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. साधं, पन्नास पैशांचं. कोपऱ्यात भेंडीचा एक ठसा आणि चार वाक्यं. "पत्र मिळालं. दांडा ओळखला. चीक नीट पुसला नाहीस, कागदावर डाग पडलाय. धुळ्याला ये."

दिवाळीनंतर गेले. जळगावहून एरंडोल, पारोळा, फागणे करत. नव्वद किलोमीटर. एवढ्या अंतरासाठी मी तेवीस वर्षं घेतली.

दारात तिने मला एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ये. भरीत केलंय." माझी सगळी तयार केलेली वाक्यं तिथेच राहिली. जेवताना तिच्या सासूबाईंनी सांगितलं, की लग्नानंतर सून भेंडी कागदावर दाबतेय हे पाहून त्यांनी विचारलं होतं, "हाई काय शे, माय?" भाजी वाया घालवते म्हणून रागही आला होता. पण ठशाला लागतो तो देठाकडचा तुकडा, जो आपण तसाही टाकतो. हे लक्षात आल्यावर पुढे त्याच भाजी चिरताना ते तुकडे एका वाटीत बाजूला काढून ठेवायला लागल्या. तेवीस वर्षं ठेवतायत.

मुलगी संध्याकाळी कामावरून आली. बी. सी. ए. करून ती धुळ्यातच नोकरी करते. कॉलेजातल्या एका मॅडमनी तिला वाट दाखवली होती. छान, हसरी आहे. चहा घेताना ती सहज म्हणाली, "मावशी, त्या सुट्टीत फोन वाजला की मीच आधी उचलायचे. आई म्हणायची, ती कामात असेल, करेल."

मी काही बोलू शकले नाही. माझी मैत्रीण म्हणाली, "जाऊ दे गं, चहा गार होतोय."

मित्रांनो, मला इथे गोष्ट गोड करून संपवायची नाही. तिने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही. त्या मुलीला सोळाव्या वर्षी जो एक फोन हवा होता, तो मी आता कितीही वेळा केला तरी तेव्हाचा होणार नाही. तो पांढरा मी राखला नाही. मला जमतं ते एवढंच, की आता तिची मुलगी काही विचारते त्याला मी त्याच दिवशी उत्तर देते. आणि माझं कार्ड संक्रांतीच्या आधी धुळ्याला पोचतं. तीन वर्षं झाली, चुकलेलं नाही.

त्या दोन दिवसांत तिने मला तिची विद्या दिली. ती तुम्हाला सांगते, म्हणजे आजच्या भाषणातून घरी न्यायला काहीतरी होईल.

आकाशात चांदण्या हव्या असतील तर ओल्या रंगावर जाडं मीठ भुरभुरवायचं. खडा आपल्याभोवतीचं पाणी ओढतो आणि तिथे फिकट तारा उमटतो. पूर्ण वाळल्यावर मीठ झटकायचं, आधी हात लावायचा नाही. पांढऱ्या रेघा हव्या असतील तर आधी साध्या पांढऱ्या मेणबत्तीने कागदावर चित्र काढायचं. ते दिसत नाही. वरून रंगाचं पाणी फिरवलं की मेणावर रंग धरत नाही, रांगोळी आपोआप वर येते. लहान मुलांना हे दाखवा, ती पुन्हा पुन्हा करतात. ठसा मारायचा तो मागचा रंग पूर्ण वाळल्यावरच. हाताच्या पालथ्या बाजूने कागद चाचपून बघायचा, गार लागला तर अजून ओला आहे. ठशाच्या ओल्या पृष्ठावर रंग गोळा होत असेल तर रंगात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा. आणि केळीचा दांडा वापरणार असाल तर कापल्यावर धुऊन, पुसून, तासभर उभा ठेवायचा. नाहीतर माझ्यासारखा डाग पडेल, आणि धुळ्याहून पत्र येईल.

अजून एक. माझ्या कामात एकच आज्ञा दहा लाख वेळा दिली तरी दहा लाख वेळा तेच उत्तर यायला हवं. एकदा जरी वेगळं आलं, तरी रात्री दोन वाजता माझा फोन वाजतो. मी त्यातच मुरलेली, म्हणून सुरुवातीला प्रत्येक ठसा वेगळा येतोय याचा मला त्रास व्हायचा. मी तिला म्हटलं, दाब मोजून बघूया का. ती म्हणाली, "अगं, ज्याला पाठवायचं ती माणसं तरी कुठे सारखी आहेत?" ती कार्ड करायला बसते तेव्हा आधी पाकिटावर नाव लिहिते, मग ठसा उचलते. म्हणजे तासभर तो माणूस समोर असतो. मी इतकी वर्षं नेमकं उलटं करत होते. आधी चित्र निवडायचे आणि मग नावांवर टिचक्या मारायचे.

आता तुमच्या खुर्चीवरचं कार्ड. आम्ही दोघींनी मिळून ती केली आहेत. पुणे आणि धुळे अशी निम्मी-निम्मी. ज्यांच्या कार्डावरचा ठसा नेटका आहे ते तिचं, ज्यांचा फरफटलाय ते माझं. सरांचं कार्ड वेगळं आहे. त्यावर बटाट्यात कोरलेलं 'शुभ' आहे, मुद्दाम उलटं. सर, घरी आरशासमोर धरा.

तुमच्या कार्डाची आतली बाजू कोरी आहे. सोबतच्या पाकिटावर तिकीट लावलेलं आहे. स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर सगळ्यांचे पत्ते छापले आहेत, आणि जे आपल्यात राहिले नाहीत त्यांच्या घरच्यांचेही. माझी विनंती एवढीच आहे. येत्या संक्रांतीच्या आत हे कार्ड यातल्या एका माणसाला पाठवा. ज्याला फोन करायचं बरीच वर्षं राहिलंय अशा कुणाला पाठवलंत तर जास्त बरं. कोण ते तुम्हाला माहीत आहे. मी बोलत असतानाच एक नाव तुमच्या मनात येऊन गेलं असणार.

आणि ज्याला कार्ड मिळेल त्याने ते उघडावं. चित्र बघून परत देऊ नये. उघडावं, वाचावं आणि उत्तर द्यावं.

माझी वीस मिनिटं झाली, संयोजक घड्याळ दाखवतायत. बाहेरच्या टेबलावर रंग, फडकी, कागद ठेवलेत. भेंडी तासाभरापूर्वी कापून पालथी घातलीय, आता ती बरोबर सुकली असेल. या सगळे. आणि ठसा सरळ वर उचला. सर बघतायत.